मालतीबेनची ओली साखळी

अमका माणूस कसा आहे असं विचारलं, तर बरा आहे, तिरसट आहे, बोलघेवडा आहे, असं काहीतरी उत्तर मिळतं. मालतीताई दिघ्यांना विचारलं, तर त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, क्षणभर विचार करायच्या आणि म्हणायच्या, "तो ना? तो स्निग्ध पदार्थ." ही शिवी नव्हती. स्निग्ध म्हणजे पुढच्यासाठी साठवून ठेवणारा, थंडीत उपयोगी पडणारा, पण पाण्यात सोडला तरी कुणात न मिसळणारा. आमचे ग्रंथपाल तसे होते. प्रार्थनेच्या वेळी मैदान दणाणून सोडणारे आणि दुसऱ्या तासाला पेंगायला लागणारे व्यायामशिक्षक म्हणजे कर्बोदक. शाळेतली निम्मी कामं ओढणाऱ्या, पण जरा तापल्या की कुठल्याच कामाच्या न राहणाऱ्या गणिताच्या बाई म्हणजे प्रथिन. आणि आमचे आचार्य, मुख्याध्यापकांना गुजरातेत आचार्य म्हणतात, ते न्यूक्लिइक आम्ल. "स्वतः काडी हलवत नाही. केंद्रात बसून नुसत्या चिठ्ठ्या पाठवतो," त्या सांगायच्या, "पण त्या चिठ्ठ्यांवरच सगळं चालतं हो, नाव ठेवू नकोस."

मी त्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करणं आणि मुलांनी फोडलेल्या वस्तूंची यादी ठेवणं हे माझं काम. एकदा धीर करून मी विचारलं, "ताई, आणि मी कोण?" "तू पाणी, प्रभाकर. तुझं नाव धड्यात नसतं, पण तुझ्याशिवाय धड्यातलं एकही पान हलत नाही." मी आठवडाभर हवेत होतो. मग त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं, "आणि चवही नाही." माझ्या बायकोला हे इतकं पटलं की ती अजून सांगते.

शाळा जुन्या बडोद्यातली, गुजराती माध्यमाची. मालतीताई दांडिया बाजारात लहानाच्या मोठ्या झालेल्या, मी तरसालीचा, वडील रेल्वेत होते. आम्ही दोघंही घरी मराठी, शाळेत गुजराती, आणि एकमेकांशी बोलताना जे तोंडाला येईल ते. "एमनेम काय उभा आहेस, बर्नर पेटव ने," ही त्यांची मराठी, एमनेम म्हणजे उगाचच. शाळेत सगळे त्यांना मालतीबेन म्हणत. बुटक्या, चालायला भलत्या चपळ, सुती साडी, चष्म्याच्या घरात खडू आणि खडूच्या डब्यात चष्मा. ही अदलाबदल कधी झाली ते त्यांनाही माहीत नव्हतं.

अकरावीला त्या सजीवांतल्या मोठ्या रेणूंचा धडा शिकवायच्या. त्या धड्यापायीच नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांची फजिती झाली होती. मराठीत अणू हा बारका कण आणि अणूंची मोळी बांधली की रेणू. गुजरातीत बारक्या कणाला परमाणू म्हणतात आणि मोळीला अणू. मालतीताईंनी आठवडाभर मन लावून पाण्याचा रेणू शिकवला. शनिवारी मागच्या बाकावरून एका मुलीने नम्रपणे विचारलं, "बेन, आ रेणू कोण छे?" वर्गात त्या नावाची कुणी नव्हती. पोरांची समजूत अशी झाली होती की ही बेनची बहीण असावी आणि तिला पाण्याचा काहीतरी त्रास असावा. तेव्हापासून मराठीत एक आणि गुजरातीत भलताच अर्थ असणाऱ्या शब्दांची यादी त्यांनी एका कागदावर केली आणि तो कागद चष्म्याच्या घरात, खडूशेजारी ठेवला. यादी वाढत गेली. एक शब्द मात्र तिच्यात यायचा राहिला, त्याची हकीकत पुढे येतेच.

पाठांतराचा त्यांना राग होता. "तोंड फक्त बोलायला नाही दिलेलं, चावायलाही दिलंय," असं म्हणून त्या वर्गाला खरोखरच चावायला लावायच्या. एक हातात कोरडी पोळी, दुसऱ्या हातात सुती दोऱ्याचं टोक. पोळी गिळायची नाही, चावत बसायचं. पाच मिनिटांत पोळी गोड लागू लागते, कारण लाळ तिच्यातल्या पिठूळ साखळीचे तुकडे करते. दोरा मात्र तास संपला तरी दोराच. मग त्या स्वतःचा पदर एका हातात आणि बटाटा दुसऱ्या हातात धरून सांगायच्या की दोन्ही साखरच आहे, तीच साखर, नगास नग. बटाट्यात साखरेने शेजारणीचा हात सरळ धरलाय आणि साडीत उलटा धरलाय, बाकी फरक नाही. आपल्याला उलटा धरलेला हात सोडवता येत नाही, एवढंच. एकदा एका पोराने शंका काढली की मग गायीला साडी पचत असेल. "तिच्या पोटातल्या जंतूंना पचते. म्हणून तर वाळत घातलेली उचलून नेते ती," ताई म्हणाल्या. दांडिया बाजारात हे त्यांच्या स्वतःच्या साडीबाबत झालेलं होतं, त्यामुळे त्यावर पुढे कुणी बोललं नाही.

पण त्यांची खरी कीर्ती ओल्या साखळीची. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, आणि दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे पुस्तकात दीड ओळीत आहे. मालतीताई मुलांना व्हरांड्यात रांगेत उभं करायच्या, प्रत्येकाच्या डाव्या हाताचं नाव अमिनो, उजव्याचं आम्ल. हात हातात घ्यायचा आणि घेतल्याबरोबर चमचाभर पाणी जमिनीवर टाकायचं. पाणी टाकल्याशिवाय हात जोडलेला धरत नसत. तीस मुलं असली की एकोणतीस चमचे. साखळी तोडायची असली तर उलट, प्रत्येक जोडावर चमचाभर पाणी ओतायचं, मग हात सोडायचे. पाणी आणणारा आणि नंतर फरशी पुसणारा मीच. त्या दिवशी आचार्य आपल्या खोलीतून बाहेर येत नसत, कारण एका वर्षी ते आले होते आणि दोन वर्गांपर्यंत घसरत गेले होते. मला मात्र अजून कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी जोडांचा आकडा मण्यांपेक्षा एकाने कमी हे मी सांगेन. माझं शिक्षण बारावी नापास आहे.

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वरून चिठ्ठी आली. गुजराती माध्यमाच्या विज्ञानाला मुलं येईनाशी झाली होती, ज्याला झेपतं आणि ज्याला झेपत नाही असे दोघंही इंग्रजीकडे पळत होते. संस्थेने कळवलं की अकरावी विज्ञानाला पंधरा प्रवेश झाले तर वर्ग चालेल, नाहीतर नाही. मुदत महिनाअखेरच्या शनिवारी शाळा सुटेपर्यंत. शाळा शनिवारीही पाचला सुटायची.

मालतीताई खवळल्या नाहीत. त्या दर रविवारी एसटीत बसून आसपासच्या गावांना जाऊ लागल्या, एक रविवार मीही गेलो. सावली नावाच्या गावी जशुभाई म्हणून शेतकरी होते, त्यांची हेतल दहावीला विज्ञानात चांगली पास झाली होती. इंग्रजी माध्यम तिला कळणार नव्हतं आणि गावात विज्ञान नव्हतं. जशुभाई खाटेवर बसून म्हणाले, "बेन, वर्ग चालू रहे तो मोकलीश. नहीं तो अहीं आर्ट्स करशे, ने पछी एना घरे." मोकलीश म्हणजे पाठवीन, आणि एना घरे म्हणजे सासरी. हेतल दाराआड उभी होती, जाताना तिने आम्हाला पाण्याऐवजी ताक दिलं आणि मालतीताईंनी ते संपवेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. एसटीत ताईंनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "ती पोरगी आली पाहिजे, प्रभाकर. बाकी चौदा नाही आली तरी मला ती पाहिजे." मी म्हटलं, चौदा नाही आली तर ती येऊन काय करणार? "तू पाणीच आहेस," त्या म्हणाल्या.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत चौदा झाले. हेतल शनिवारी बापाबरोबर येणार होती. ताईंच्या मनात आलं की गावाहून येणाऱ्या माणसाला फाटकातच काहीतरी दिसलं पाहिजे, ही शाळा जिवंत आहे असं वाटलं पाहिजे. फाटकावर "धोरण अगियार, विज्ञान प्रवाह" असा, म्हणजे अकरावी विज्ञानाचा, कायमचा फलक होता. त्याच्याखाली आपल्या लाडक्या विषयाची सजावट करायची ठरली. ताईंनी घरून मण्यांचं तोरण आणलं आणि मी थर्माकोलची अक्षरं कापली. गुजरातीत पेप्टाइड बंध. अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारा तो बंध. पेप्टाइड कापताना मी जपून कापलं, ती अक्षरं बारीक झाली. मग थर्माकोल बराच उरला, म्हणून बंध हा शब्द चांगला हातभर उंचीचा केला आणि लाल रंगवला. कामावर मी खूश होतो. शनिवारी सकाळी आमच्या शिपायाने, रमणभाईंनी, ते फाटकावर टांगलं. टांगताना ते फार गंभीर होते, पण ते एरवीही गंभीरच असतात.

दुपारी बारा वाजले, दोन वाजले, हेतल आली नाही. ताई दर पाच मिनिटांनी कार्यालयात डोकावत होत्या. साडेतीनला रमणभाई प्रयोगशाळेत आले. हातात चहा, तो कुणी सांगितलेला नव्हता. कप ठेवून ते मयताला भेटायला आल्यासारखे हळू आवाजात म्हणाले, "बेन, बहु खोटुं थयुं. आटलां वरस तमे चलाव्युं."

"शुं चलाव्युं?" ताईंनी विचारलं.

"वर्ग. बंध थयो ते."

"कोणे कीधुं?"

रमणभाईंनी फाटकाकडे बोट दाखवलं. "तमे ज तो बोर्ड मराव्युं, बेन. सवारथी बधाने कहुं छुं के बंध छे. सावलीथी एक छोकरी आवी'ती, एना बापा जोडे. बहु रडी बिचारी."

मराठीत बंध वेगळा आणि बंद वेगळा. एकाने जोडलं जातं आणि दुसऱ्याने कुलूप लागतं. गुजरातीत दोन्हीला एकच शब्द, बंध. दुकान बंध, पंखा बंध, पेप्टाइड बंध. पुस्तकात तो शब्द पन्नास वेळा छापलेला, ताईंनी तो तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला, पण त्या फळ्यावरचं गुजराती वाचत होत्या मराठी डोळ्यांनी. मीही तसलाच. अख्ख्या शाळेत तो फलक नीट वाचणारा माणूस एकच होता, आणि तो फाटकावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाची समजूत घालत होता. ताईंनी चष्म्याचं घर उघडलं, यादीचा कागद बघितला, परत ठेवला. मग त्या मला म्हणाल्या, "स्कूटर काढ."

रमणभाईंनी सांगितलं होतं की बापलेक बाजार करून साडेचारच्या गाडीने जाणार आहेत. एसटी स्टँडवर सावलीची गाडी लागलेलीच होती. हेतल बाकावर बसून जमिनीकडे बघत होती आणि जशुभाई शेंगा सोलून तिच्यापुढे ठेवत होते. ती खात नव्हती.

ताईंनी सांगायला सुरुवात केली. जशुभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, में मारी सगी आंखे वांच्युं. लाल अक्षरे. पेप्टाइड ए सरकारनुं कंईक हशे, ए बंध थयुं, तो वर्ग शानो रहे?"

ताईंनी वाद घातला नाही. "ऊभा थाओ," त्या म्हणाल्या. जशुभाई उठले. परक्या बाईचा हात धरायला ते तयार होईनात, म्हणून ताईंनी त्यांचा हात माझ्या हातात दिला. भर स्टँडवर, शेंगांच्या सालांसकट. मग त्यांनी कंडक्टरच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि आमच्या हातांखाली थोडं पाणी सांडलं. "तमे एक दाणो, आ प्रभाकर बीजो दाणो. बे जोडाय, पाणी नीकळे. आ जे जोडाय ने, एने बंध कहेवाय." कंडक्टर बाटली परत मागायचं विसरला. चार-पाच उतारू जमले. एका म्हातारीने मला विचारलं की भाऊ-भाऊ आहात का, बऱ्याच दिवसांनी भेटलात का.

जशुभाईंनी सगळं नीट बघितलं, विचार केला आणि म्हणाले, "तो पछी जोडाण लखवुं'तुं ने, बेन."

बंधऐवजी जोडाण लिहायचं हे मालतीताईंना तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्म्याच्या घरातून यादीचा कागद काढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. जशुभाईंनी माझा हात सोडला आणि पिशवी उचलली. आणि तेव्हा बाकावरून हेतल बोलली, आम्ही भेटल्यापासून पहिल्यांदाच.

"बेन, ए पाणी आव्युं क्यांथी? हाथ तो कोरा हता."

ताई तिच्याकडे वळल्या, आणि गाडी, बाप, मुदत सगळं विसरल्या. एका मण्याकडून किती येतं, दुसऱ्याकडून किती येतं, दोघांनी आपापलं थोडं सोडल्याशिवाय जोड कसा होत नाही, असं त्या बोटांवर सांगत सुटल्या. हेतल मध्येच थांबवून विचारत होती, "फरीथी कहो," म्हणून पुन्हा सांगायला लावत होती. जशुभाई कधी पोरीकडे बघत, कधी गाडीकडे. तिला इतकं बोलताना बहुधा त्यांनीही पाहिलं नव्हतं. सावलीची गाडी निघून गेली. ते म्हणाले, "चालो, बेन. रिक्षा करो."

शाळेत पोचलो तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. आचार्य कार्यालयाच्या दारात उभे, हातात प्रवेशाचं रजिस्टर. त्यांनी घड्याळ दाखवलं आणि खेदाने मान हलवली. वाईट माणूस नव्हता, पण चिठ्ठीबाहेर जाणं त्यांच्या रचनेतच नव्हतं. शाळा सुटेपर्यंत असं लिहिलंय आणि शाळा पाचला सुटते, ते म्हणाले. ताई हेतलच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की शाळा अजून भरलेली आहे. वर्गांतून कुजबूज येत होती, व्हरांड्यात एकही पोर नव्हतं. रमणभाई घंटेखाली उभे होते, हातोडी पाठीमागे धरून.

"साहेब," ते म्हणाले, "घंट तो हजी में वगाड्यो ज नथी."

आचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग घंटेकडे, मग रमणभाईंकडे. तेवीस वर्षांत त्या माणसाने घंटा मिनिटभर उशिरा दिलेली नव्हती. आचार्यांनी खिशातून पेन काढलं. हेतलचं नाव लिहून, जशुभाईंची सही घेऊन झाली, तेव्हा कुठे घंटा वाजली आणि पोरं ओरडत बाहेर पडली. मग ताई मला म्हणाल्या, "तो फलक आधी उतरव."

त्या पंधराजणांना त्यांनी दोन वर्षं शिकवलं आणि त्यांच्याबरोबरच त्या शाळेतून बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी वर्ग गेलाच, त्याला काही इलाज नव्हता. मी अजून तिथेच आहे, आता इंग्रजी माध्यमाच्या परीक्षानळ्या धुतो. त्या तशाच फुटतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला साखर तपासायला सांगितली. तरसालीत घराजवळच एक लहानशी लॅब उघडली आहे, तिथे सकाळी उपाशीपोटी गेलो. रक्त काढणारी मुलगी हेतल होती. मी ओळखायच्या आत तिनेच ओळखलं, पप्पांचा हात धरणारे साहेब ना, म्हणून हसली. लॅब तिची आणि तिच्या मैत्रिणीची. कोपराला कापूस दाबून मी कोपऱ्यात बसलो, आणि मालतीताई आत आल्या.

केस पूर्ण पांढरे, चाल मंद झालेली. मी त्यांना दिसलो नाही, त्यांचं लक्ष हेतलकडे होतं. आपला अहवाल घ्यायला आल्या होत्या. हेतलने कागदावरची साखरेची तीन महिन्यांची सरासरी वाचली आणि तिचा चेहरा कडक झाला. "बेन, त्रण महिनानी सरेराश वधारे आवी छे."

"म्हणजे शुं?" ताईंनी विचारलं.

हेतल खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ती सांगू लागली. रक्तात साखर जास्त फिरली की ती त्या प्रथिनाला जाऊन चिकटते, एकदा चिकटली की सुटत नाही. पेशी तीन-चार महिने जगते. म्हणून किती साखर चिकटली ते मोजलं की तुम्ही तीन महिने काय काय खाल्लं ते सगळं कळतं, बेन, लपवता येत नाही. ताई मान खाली घालून ऐकत होत्या. बाकावरचे बाकीचे लोकही ऐकू लागले, एका गृहस्थाने तर मोबाईल खिशात ठेवला.

हा धडा मी ताईंच्या तोंडून वीस वेळा ऐकला आहे. हेच शब्द, हाच क्रम, चिकटण्याचा हा हातवाराही. मला हाक मारावीशी वाटली, पण मारवेना. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

"समजायुं, बेन?" हेतलने विचारलं.

मालतीताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "नथी समजायुं," त्या म्हणाल्या. "फरीथी कहे."